पेल्यात उरलेलं

काल संध्याकाळी लेकीने त्याचा वास घेतला नाही. झालं होतं ते एवढंच. तो ऑफिसातून आला, बेल वाजवली, तिने दार उघडलं, त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि कानाला लावलेल्या फोनवर कुणाशी तरी हसत-बोलत आत निघून गेली. तो उंबऱ्यातच उभा राहिला, मान जराशी पुढे काढून, शाळेत नखं तपासून घ्यायला पोरं हात पुढे धरतात तसा. गेली नऊ वर्षं हे रोज चालत आलं होतं. दार उघडलं की पिशवी घ्यायच्या निमित्ताने ती अगदी जवळ यायची, त्याच्या तोंडाशी क्षणभर थांबायची, एक श्वास ओढायची आणि मग म्हणायची, “चहा टाकते.” चहा टाकते म्हणजे पास. याबद्दल दोघांत कधी चकार शब्द निघाला नव्हता. जावयाला कळलं असेलही. पण तो भला माणूस, त्या वेळी नेमका टीव्हीचा रिमोट शोधत असायचा. पहिल्या वर्षी त्या श्वासाने याच्या अंगाची नुसती आग व्हायची. मग सवय झाली. आणि मग, कधीपासून ते त्यालाही सांगता आलं नसतं, तो त्या श्वासाची वाट बघायला लागला. जिना चढताना मनाशी म्हणायचा, घे बाई, हुंग, बघ, आजही काही नाही. बायको गेल्यापासून त्याच्या इतक्या जवळ येणारं दुसरं होतं तरी कोण? आणि काल ती आली नाही. चहा तिने टाकला, पण तसं म्हणाली नाही. नुसता कप आणून समोर ठेवला.

तसं बघायला गेलं तर आनंदाने उड्या माराव्यात अशी गोष्ट. माणूस सुधारला म्हणून तर पहारा उठला. पण त्याला आनंद काही होईना. जेवताना तो मुद्दाम तिच्या शेजारी बसला, वाकून मीठ मागितलं, तिच्या कानाशी तोंड नेऊन नातीच्या शाळेचं काहीबाही विचारलं, ती म्हणाली, “अहो बाबा, केवढ्याने बोलताय, इथेच आहे मी.” विसरली असेल. कंटाळली असेल. की नऊ वर्षांत तिलाही वाटायला लागलं, आता हा म्हातारा बिचारा काय पिणार? हा तिसरा विचार त्याला सगळ्यात झोंबला. स्वतःच्या लग्नाच्या दिवशी तिने याला काय सांगितलं होतं ते त्याला शब्दन् शब्द पाठ होतं. त्या दिवशी तो लग्नाच्या हॉलमागे खुर्च्या ठेवायच्या खोलीत होता, बाहेरून कुलूप. मेहुण्याने लावलेलं, पण किल्ली मेहुण्याच्या हातात याने स्वतः दिली होती, “काही झालं, मी कितीही ओरडलो, तरी उघडू नकोस” असं बजावून. खुर्च्या सगळ्या पाहुण्यांखाली गेल्या होत्या, म्हणून खोली रिकामी. तो जमिनीवर बसून दाराखालच्या फटीतून चपला जाताना बघत राहिला. एकुलत्या एका मुलीचं लग्न त्याने पाहिलं ते असं, घोट्यापर्यंत. संध्याकाळी कुलूप निघालं तेव्हा दारात तीच उभी होती, अंगावर नवे कपडे, आणि आवाज एकदम थंड. “बाबा, आई आता नाही, तेव्हा तुम्ही आमच्याकडेच राहायचं. मी भांडणार नाही, आरडाओरडा करणार नाही. ज्या दिवशी वास येईल त्या दिवशी तुमची बॅग भरून जिन्यात ठेवीन. पुढे मूल झालं तर त्याला सांगेन, आजोबा बाहेरगावी गेले.” पुढे मूल झालं. ते आता सहा वर्षांचं होतं, सकाळी याचं बोट धरून शाळेत जायचं आणि रस्ताभर गाड्यांच्या नंबरांची बेरीज करायचं. म्हणजे पणाला लागलेलं काय, ते त्याला चांगलं ठाऊक होतं. एक घोट आणि ते बोट सुटलं.

सकाळी ऑफिसात गेला तर टेबलावर फाइल. तो वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक होता, चौतीस वर्षं. पेट्रोल पंपांच्या नळ्या, दुधाची मापं, तेलाच्या पिशव्या, सोनाराचे तराजू. काम असं चोख की ऑफिसात त्याला थेंबसाहेब म्हणत, आणि तोंडावर म्हणत. एकदा एका दूधवाल्याने हुज्जत घातली होती, “अहो साहेब, दोन थेंबांनी काय होतंय?” तर हा म्हणाला होता, “जे व्हायचं ते दोनच थेंबांनी होतं.” सगळे हसले, तोही हसला, पण शेजारच्या टेबलावरचा सहकारी हसला नव्हता. त्याला माहीत होतं. दारूशी संबंध असलेली फाइल आली की तो ती न बोलता आपल्या टेबलावर ओढून घ्यायचा आणि त्याबदल्यात पेट्रोल पंप देऊन टाकायचा, जशी काही बोरांची अदलाबदल. तो सहकारी गेले पंधरा दिवस गुडघ्याच्या ऑपरेशनपायी रजेवर. फाइलवर लिहिलं होतं, फळप्रक्रिया घटक, एकट्या मालकाचा. तक्रार, बाटल्यांत माल कमी भरतो. तक्रारदाराचं नाव नाही. फळप्रक्रिया म्हणजे मुरंबा, सरबत, फार तर लोणचं. पहिलं पान त्याने उलटलंच नाही असं तो पुढे स्वतःला सांगणार होता. उलटलं होतं. दुसऱ्या पानावर पहिल्याच ओळीत वाइन हा शब्द होता आणि तो त्याने वाचला होता, अगदी तीनदा. मग त्याने मापांची पेटी उचलली, साहेबांच्या खोलीत जाऊन सांगितलं की जाऊन येतो, आणि बसमध्ये बसला. वाटेत दोन स्टॉप असे होते की उतरून परत फिरता आलं असतं. पण परत फिरायचं म्हणजे कुणाला तरी कारण सांगायचं, आणि कालपासून त्याच्या मनात एकच चाललं होतं: जिला सांगायचं तिनेच विचारायचं सोडलं.

पत्ता शहराच्या कडेचा. गाड्यांचे टायर, पत्र्याची गोदामं, एक बंद पडलेली लाँड्री. पंक्चरवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, “बरणीवाल्याकडे ना? जा नाकासमोर. वळायचं कुठे ते नाकच सांगेल.” ते खरं होतं. लाँड्रीच्या भिंतीपाशी आला आणि वास आला. गोड, सडका, ओला, पावाच्या भट्टीसारखा उबदार, आणि त्याखाली ते दुसरं. ते दुसरं त्याच्या नाकाने ओळखायच्या आधी तोंडाने ओळखलं. जिभेखाली पाणी सुटलं. त्याला स्वतःचीच किळस आली. अठ्ठावन्नाला टेकलेला माणूस, निवृत्तीला दोन महिने, नऊ वर्षं कोरडा, आणि ही जीभ लाचार कुत्र्यासारखी शेपूट हलवतेय. थुंकावं म्हणून तो कडेला वळला, पण थुंकला नाही, गिळलं. तेवढ्यात दार उघडलं.

“चपला बाहेर. शीळ घालायची नाही. आणि शिंक आली तर बाहेर जाऊन,” दार उघडणारा म्हणाला. पंचाहत्तरीचा असेल, काटकुळा, गळ्यात डॉक्टर लावतात तो स्टेथोस्कोप. “तुम्ही मापवाले साहेब. या. फार दिवस वाट बघायला लावलीत.” निरीक्षक आल्याचा असा आनंद त्याने चौतीस वर्षांत कुठे पाहिला नव्हता. आत जुन्या लाँड्रीचं लांबट दालन, भिंतींना कमरेपर्यंत पांढऱ्या फरशा, मधोमध पाणी जायचं मोठं गटार, त्यावर लोखंडी जाळी. आणि दोन्ही बाजूंना बाकांवर काचेच्या प्रचंड बरण्या, चौदा, प्रत्येकीत एक पोर मावेल एवढी. सगळ्या बरण्यांना स्वेटर घातलेले. लाल, पोपटी, कोपरावर ठिगळ असलेला एक. बाह्या पुढे आणून पोटावर गाठ मारलेली. “माझेच आहेत सगळे, काही बहिणीचे. थंडी लागली की काम सोडून बसतात हो या,” म्हातारा म्हणाला. “ही तुतीची. ही नासपतीची, जरा आळशी. ही आलुबुखारची, हिला मी कानफाटी म्हणतो, पहिल्याच आठवड्यात बूच उडवून लावलं होतं.” प्रत्येकीपाशी तो स्टेथोस्कोप टेकवायचा, डोळे मिटायचा, आतल्या बुडबुड्यांचे ठोके ऐकायचा आणि मान हलवायचा. पूर्वी तो एका दवाखान्यात कंपाउंडर होता, मिश्रणं करायचा. डॉक्टर वारले, दवाखाना बंद झाला, आणि याने म्हणे ठरवलं की आता कडू औषधं पुरे. फळं धुणं, चेचणं, गाळणं, बाटल्या भरणं, बुचं ठोकणं, खोक्यांवर दोरी बांधणं, सगळं एकहाती. “एकटा जीव सदाशिव,” तो म्हणाला आणि हसला, पण हसताना त्याचं लक्ष निरीक्षकाच्या चेहऱ्यावर होतं. निरीक्षकाने चेहरा मापाच्या पेटीत घातला. पेटी उघडून, फडक्याने काचेचं माप पुसत तो कोरड्या आवाजात म्हणाला, “भरलेल्या सहा बाटल्या काढा, काका. तुम्ही निवडू नका, मी निवडतो.”

काम सुरू झालं आणि त्याला बरं वाटलं. काम म्हणजे काम. बाटलीचं बूच काढायचं, माप सपाट टेबलावर ठेवायचं, बाटली तिरकी करून धारेने ओतायची, फेस बसू द्यायचा, मग गुडघ्यांत वाकून पातळी डोळ्यांच्या रेषेत आणायची आणि मधला खालचा वाक बघायचा, कडेला चढलेलं धरायचं नाही. नव्या पोरांना तो हेच शिकवायचा, कडेला चढलेलं खोटं असतं. त्या खालच्या वाकाकडे बघायला तोंड काचेपासून चार बोटांवर न्यावं लागतं. लालसर काळी तुतीची वाइन त्याच्या डोळ्यांसमोर हलत होती, स्थिर होत होती, आणि तो श्वास कोंडून आकडा वाचत होता. त्याला ऑफिसातलं जुनं कपाट आठवलं. त्यात काचेची मापं पुसायला स्पिरिटची बाटली असायची. बायको आजारी होती त्या वर्षी तो तशा बाटल्या महिन्याला दोन मागवायचा, आणि मापं मात्र साध्या पाण्याने पुसायचा. पाणी घालून प्यायलेलं ते स्पिरिट घशातून जाताना काटेरी तार ओढावी तसं जायचं, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि तरीही वाटायचं, चला, आता बरं वाटेल. चवीसाठी कोण पितं? चवीच्या गप्पा मारणारे लोक त्याला नेहमी मूर्ख वाटायचे. सहाही बाटल्या झाल्या. सहाच्या सहा लेबलवरच्या मापापेक्षा भरल्या जास्तच, कुठे पाच मिली, कुठे आठ.

“तक्रारीत तथ्य नाही. उलट तुम्ही जास्तच भरताय,” तो कागदावर लिहीत म्हणाला. “कुणी केली ही तक्रार? काही वैर वगैरे?”

“मीच केली,” म्हातारा म्हणाला.

निरीक्षकाचं पेन थांबलं.

“रागावू नका साहेब. सही केली असती तर तुमचं ऑफिस म्हणालं असतं, म्हातारा चळलाय. बिननावाची केली की येतात. मला मापाचा माणूस हवा होता, ज्याला माझी कणव येणार नाही असा.” तो स्टुलावर बसला आणि स्टेथोस्कोप गळ्यातून काढून मांडीवर ठेवला. “तीन वर्षांपूर्वी मला ताप आला. ताप गेला, जाताना वास आणि चव घेऊन गेला. आता हे नाक आहे ते फक्त चष्मा टेकवायला. मी ऐकून करतो, हात लावून करतो, पूर्वीच्या आठवणीवर करतो. पण झालीय कशी, ते मला कळत नाही. लोकांना विचारलं तर लोक म्हणतात, छान! म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर कोण वाईट म्हणेल? पुतणी येते दर रविवारी, तीही म्हणते छान. म्हणून मी तोंडावर विश्वास ठेवायचं सोडलं. मी उरलेलं मोजतो.” त्याने भिंतीकडे बोट केलं. पांढऱ्या फरशांवर जाड पेन्सिलीने आकडे लिहिलेले होते, आडवे, रांगेने. नव्वद, पंच्याऐंशी, ब्याण्णव, ऐंशी. “प्रत्येकाला शंभर मिली देतो, बरोबर मोजून. माणूस गेला की पेल्यात राहिलेलं मोजतो. जीभ खोटं बोलते साहेब, घसा नाही बोलत. बघा तुम्हीच, तीन वर्षांत कुणी वीस मिलीच्या वर प्यायलेलं नाही. मला कळतंय ते. कळत नाही अशातला भाग नाही. पण एखादा म्हणेल, लोक सभ्य असतात, थोडंच पितात, कुणी गाडी चालवायचा असतो. म्हणून म्हटलं, शेवटचा एक निकाल घ्यावा, शहाण्या माणसाचा.” त्याने मांडीवरच्या स्टेथोस्कोपची नळी बोटाला गुंडाळली. “पुतणी म्हणते, काका, बंद करा हे, माझ्याकडे राहायला या. एकटे पडून राहाल एखाद्या दिवशी, कळायचंसुद्धा नाही कुणाला. तिचं बरोबर आहे. गेल्या महिन्यात इथे चक्कर येऊन पडलो, चार तास उठता आलं नाही. मी ठरवलंय, आज पेल्यात उरलं, की हे सगळं उद्या गटारात, आणि रविवारी तिच्यासोबत गाडीत. नाही उरलं...” तो हसला. “पण ते कशाला बोला.”

नको म्हणता आलं असतं. आम्हाला ड्यूटीवर चालत नाही. डॉक्टरांनी मना केलंय. वाक्यं तयार होती, नऊ वर्षं रोज घासूनपुसून ठेवलेली. पण म्हाताऱ्याने तोवर पेला आणला होता, साधा काचेचा, आणि मोजून शंभर ओतली होती, आणि मोजण्यात कसूर नाही हे थेंबसाहेबांच्या डोळ्यांनी टिपलं होतं. पेला त्याच्या हातात आला. थंड नव्हता. त्याने स्वतःला समजावलं की हे काम आहे. एक घोट, तोही ओठ ओले करण्यापुरता, नि पेला खाली. म्हाताऱ्याला त्याचा निकाल मिळेल, तो पुतणीकडे जाईल, एक म्हातारा जीव फरशीवर पडून मरायचा वाचेल. पुण्याचंच काम म्हणायचं. असली कारणं त्याला आयुष्यात कधी कमी पडली नव्हती. त्याने घोट घेतला.

वाइन गेलेली होती. पार गेलेली. पहिल्यांदा व्हिनेगरचा तिखट फटका नाकात, मग नखांचा रंग पुसायच्या औषधासारखा वास, मग कुठेतरी मागे तुती, भिजून वाळलेल्या कापडासारखी. कुणाही धडधाकट माणसाचं तोंड वाकडं झालं असतं आणि त्याचंही झालं. म्हाताऱ्याने ते पाहिलं. त्याचे खांदे पडले. तो गटारावरच्या जाळीकडे बघायला लागला. झालं होतं की काम! पेला खाली ठेवायचा, अठ्ठ्याण्णव उरले असते, दोन थेंबांचा काय तो गुन्हा, बाहेर नळावर चुळा भरता आल्या असत्या, बसमध्ये बडीशेप. संध्याकाळी लेक जवळ आली नसती, कालही आली नव्हती. पेला खाली ठेव. त्याने हाताला सांगितलं, पेला खाली ठेव. घशात ती जुनी ऊब उतरत होती, छातीत, तिथून पोटात, एकेका खोलीतला दिवा लागत जावा तशी, आणि त्याला जाणवलं की कालपासून, छे, नऊ वर्षांपासून, त्याचे जबडे आवळलेले होते ते आता सुटले. त्याला रडू यायला लागलं. दुसरा घोट पहिल्याइतका वाईट लागला नाही. तिसरा लागलाच नाही, तो नुसता गेला. तो मनात म्हणत होता, अर्धा ठेवू, अर्धा उरला तरी पुरे. मग म्हणाला, थोडातरी ठेवू, बोटभर. मग त्याने मान मागे टाकली आणि पेला उलटा केला आणि कडेवरचा शेवटचा थेंब जिभेवर पडेपर्यंत थांबला. पेला खाली आला तेव्हा म्हातारा उभा होता.

म्हाताऱ्याने पेला दोन्ही हातांनी घेतला. उजेडाकडे धरला. आपल्या मापात उपडा केला, झटकला, पुन्हा उपडा केला. काही पडलं नाही. तो भिंतीपाशी गेला आणि ब्याण्णव, ऐंशी, सत्त्याऐंशी यांच्या पुढे त्याने पेन्सिलीने शून्य काढलं, सावकाश, शाळेतल्या मुलासारखं गोल. मग वळला. त्याच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं. “तोंड वाकडं केलंत तेव्हा म्हटलं, संपलं,” तो म्हणाला. “पण ते पहिल्या घोटाचं असतं नाही? मला चव होती तेव्हा माझंही व्हायचं. तळापर्यंत! तीन वर्षांत पहिला माणूस. बाबा रे, तुला काय सांगू, मी रोज रात्री या बरण्यांची माफी मागून झोपतो, की मी तुमचं वाटोळं केलं म्हणून.”

त्याला म्हाताऱ्याची दया आली. खरीच आली, दारू पोटात गेली की त्याला सगळ्या जगाची दया यायची. तो म्हणाला, “काका, ऐका. ती बिघडलीय.”

“काय?”

“वाइन. पार आंबून गेलीय. व्हिनेगर झालंय तिचं. विकू नका. लोक हसतात तुम्हाला.”

म्हातारा बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता. एखादं गणित सुटेना म्हणजे बघावं तसा तो बघत होता. “मग संपवलीत कशाला?”

याला उत्तर एकच होतं, तीन शब्दांचं, आणि ते दिलं असतं तर भिंतीवरचं शून्य पुसलं गेलं असतं. मी दारुडा आहे. बस, एवढंच. मेहुणा हे त्याच्याबद्दल बोलला होता, शेजारी बोलले होते, बायको मरायच्या आधी आठ दिवस बोलली होती, लेक न बोलता बोलली होती. त्याने स्वतः कधी हे तोंडातून काढलं नव्हतं. कुलपाची किल्ली दिली, पण हे नाही. आणि आता या अनोळखी माणसापुढे, मोजे घातलेल्या पायांनी, मापांच्या पेटीशेजारी उभं राहून हे बोलायचं? त्याने तोंड उघडलं. मनात आलं, हे बोललो तर दुसरा पेला मिळणार नाही. हेच मनात आलं, दुसरं काही आलं नाही, लेक नाही, नात नाही. “गंमत केली, काका,” तो म्हणाला.

“अरे चावट माणसा!” म्हातारा एवढ्या मोठ्याने हसला की बरण्यांवरच्या नळ्या हलल्या. “काळजात धस्स झालं माझ्या! थांब, थांब, हलू नकोस.” त्याने खिशातून फोन काढला, डोळ्यांजवळ नेऊन नंबर लावला. “अगं, मी काका. येऊ नकोस रविवारी. म्हणजे ये, पण मला न्यायला नको. ऐक तर! सरकारी माणूस आलाय, मापं तपासणारा. ज्याला लाच चालत नाही, काही चालत नाही असला. तळापर्यंत प्यायला तो. हो, शंभरच्या शंभर. मी खोटं बोलतोय असं वाटतं तर त्यालाच विचार.” आणि त्याने फोन निरीक्षकाच्या हातात कोंबला, रिकामा पेला उचलला आणि कानफाटी म्हणवणाऱ्या बरणीकडे गेला. “या खेपेला दोनशे, आणि मोजणार नाही!”

फोनमधून बाईचा दबका आवाज आला, मागे कुठेतरी मिक्सर चालला होता. “हॅलो? साहेब? ते जवळ उभे आहेत का? तुम्ही काही बोलू नका, नुसतं ऐका. ती वाइन मी पिते दर रविवारी, मला माहीत आहे ती कशी आहे. मला तोंडावर सांगवत नाही हो त्यांना. त्यांनी मला लहानाचं मोठं केलंय. गेल्या महिन्यात पडले ते, सांगितलं का तुम्हाला? माझी वरची खोली रिकामी केलीय, रंग दिलाय, बाथरूममध्ये धरायला दांडी बसवलीय. त्यांना दुसऱ्या कुणी सांगितलं तरच ते ऐकतील. तुम्ही का संपवलीत, मी विचारत नाही. तुम्ही फक्त एकदा ‘चांगली नाही’ म्हणा. त्यांना ऐकू जाईल असं. पुढचं मी बघते.”

म्हातारा बरणीची नळी पेल्यात धरून उभा होता, तिरक्या मानेने याच्याकडे बघत, कान टवकारून. नाही म्हटलं की त्याचा हात थांबणार होता. पेल्यात आता चार बोटं वाइन होती. ती चढत होती, पिवळसर लाल, वर फेसाची बारीक कडी. निरीक्षक सवयीने गुडघ्यांत जरासा वाकला आणि पातळी डोळ्यांच्या रेषेत आणली.

“साहेब? ऐकताय ना?” बाई म्हणाली.

त्याने पेला काठापर्यंत भरू दिला. म्हाताऱ्याने नळी बंद केली, पेला याच्यासमोर टेबलावर ठेवला. मग निरीक्षक फोनमध्ये म्हणाला, “उत्तम आहे, ताई. उगाच काळजी करू नका,” आणि त्याने पेल्याकडे हात नेला.